शेवटचा टाका

पाटी कानडीत, हिशोब मराठीत,
मापं मात्र इंचात.
कॅम्पातलं आमचं दुकान
बाबांच्या आधीपासून असंच बोलतं.

लिडियाबाई कोलकार आल्या
साबणाच्या खोक्यात गाऊन घेऊन.
"भाचीचं लगीन हाय, रूथचं. कमरेत जरा घ्यायचाय."
मी उलगडला
आणि काजांवरून हात ओळखला.
इतकी बारीक काजं
बाबांनंतर कॅम्पात कुणी केली नाहीत,
मी तर नाहीच.

मग त्या बोटं मोडत बसल्या.
इंग्रजांच्या नवरीच्या अंगावर म्हणे
काही जुनं लागतं, काही नवं,
काही उसनं, काही निळं,
आणि डाव्या बुटात चांदीचं नाणं.
मिशनच्या शाळेत मडमेनं शिकवलेलं
त्यांना अजून पाढ्यासारखं पाठ.

जुनं? हा गाऊन. एकाहत्तर सालचा.
पण जुना कसा म्हणायचा,
चर्चची पायरीसुद्धा बघितली नाही त्यानं.
नवऱ्या मुलाला लोंढ्याला गाडी बदलायची होती.
बदलली त्यानं.
"म्हंजे नवंबी हेच की," त्या म्हणाल्या,
"एक बोट वाचलं."

निळं?
खोक्यात पडून पांढऱ्याचं लोणी झालेलं.
माझ्या बायकोनं बादलीत नीळ कालवली,
तीनदा बुडवला, पिळला नाही,
मागच्या अंगणात सावलीला टांगला.
दोन दिवस शेजारची पोरं
त्याला भिऊन वाट बदलून गेली.
आता निळं कुठंच दिसत नाही.
सगळं तेच आहे.

उसनं मात्र सुखी बाईकडूनच घ्यायचं, अशी अट.
लिडियाबाईंनी बायकोकडं बघितलं.
"जोडवं न्हाई हं द्यायची मी, धनी समोर बसलाय,"
म्हणत तिनं बांगडीतल्या तीन पिनांतली
एक सोडली.
"परत पायजे. उसनं म्हंजे उसनं."
सुखी का, ते तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
मी कमरेची शिवण उसवत होतो.

सहा पेन्स बेळगावात कुठले?
रूथनं आजोबांच्या डब्यातून पावली काढली,
झिजून झिजून
राजाला टक्कल पडलेली.

घेर तपासताना बोट अडकलं.
खालची पट्टी दोन बोटं उघडी,
दोरा लोंबता, गाठ न मारलेला.
बाबा विसरणाऱ्यातले नव्हते.
साहेबाच्या शिंप्यांची रीतच ती:
शेवटचा टाका आधी घालायचा नाही,
नवरी दाराबाहेर पडताना घालायचा,
नाहीतर नशिबाला वाटतं
आपल्याला विचारलंच नाही.
म्हणजे त्या सकाळी बाबा गेले असणार
कोलकारांच्या दारात,
आणि कुणी काही न बोलता
सुई कॉलरीत खोचून परत आले असणार.
घरी कधी सांगितलं नाही.
त्या वर्षी फक्त
पांढरं कापड शिवायला नको म्हणायचे,
आईला वाटायचं, डोळे गेले.

शनिवारी मी गेलो. रूथ उंबऱ्यात उभी,
रिक्षावाला हॉर्न मारतोय, पाद्री खोळंबलेत,
आणि माझी सुई काही ओवेना.
"आणा हिकडं," लिडियाबाई म्हणाल्या.
गुडघे धरत खाली बसल्या,
त्याच जुन्या दोऱ्यात सुई ओवली,
एक टाका घातला, दातानं तोडला.
वाकडा आला.
बाबांनी तिथल्या तिथं उसवला असता.
मी टोपी सरळ केली
आणि रिक्षाचं दार धरलं.

चर्चबाहेर तांदूळ उडाले,
हळद न लावलेले, कोरे.
माझा हात सवयीनं अक्षतांचा,
नेम चुकला, पाद्र्याच्या चष्म्यावर गेले.

मंगळवारी पीन परत आली,
बटरपेपरात, केकच्या तुकड्याबरोबर.
जराशी वाकलेली.
"सरळ करून देऊ?" मी पक्कड शोधायला लागलो.
"ऱ्हाऊ दे," बायको म्हणाली,
आणि होती तशीच बांगडीत अडकवली.

केक म्हणे उशाखाली ठेवून निजायचं असतं,
लग्न न झालेल्यांनी.
आमच्यात तसं कुणी नव्हतं.
चहाबरोबर खाल्ला.
मनुका फार होत्या.